हसायला मनाई

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी जन्मात एकही वाक्य सरळ उच्चारलं नसावं. वाशी तेव्हा नवीन होती. इमारती मोजक्या, मध्ये मोकळे भूखंड आणि खाडीवरून येणारा खारा वारा. हे जवळच्या एका रासायनिक कारखान्यात स्टोअरकीपर होते. चेहरा नोटीस बजावायला आलेल्या बेलिफासारखा, आवाज खालचा. पण ते बोलू लागले की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडायचा. सोसायटीच्या सभेत एकदा पाण्याच्या टाकीत कबुतर मेल्याचा विषय निघाला. सेक्रेटरी तावातावाने बोलत होते. हे शांतपणे उठून म्हणाले, "कबुतर बुडून मेलं म्हणजे टाकीत पाणी होतं. मग ते आमच्या नळाला का आलं नाही, ते आधी सांगा." सभा तिथेच संपली. कुणाचं सांत्वन करायला जायचं झालं, की वहिनी दारातच त्यांच्या तोंडात सुपारीचं खांड घालीत आणि परत निघेपर्यंत ते तोंडातच ठेवायची ताकीद देत.

त्यांची मुलगी नंदा कॉलेजात होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचा वरचा ओठ फाटला होता आणि घाईत घातलेल्या टाक्यांमुळे तो लांबट, ओघळलेला राहिला होता. हसली तरी दात दिसत नसत. फोटो काढायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात जाऊन बसे. अखेर मुंबईच्या एका सर्जननी नाकाखालची कातडीची बारीक पट्टी काढून तिचा ओठ वर उचलला. ऑपरेशन चांगलं झालं. पुढचं घरच्यांच्या हाती होतं. टाके नाकाच्या अगदी कडेला आहेत, जखम नीट भरली तर वण तिथेच लपेल. ओठ ताणला गेला तर वण रुंदावेल आणि जन्मभर दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मोठा घास नाही, ऊन नाही, खपली काढायची नाही, आणि काही आठवडे हसायचं नाही. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? हे पथ्य तुमचं आहे."

त्यांनी आधी मौन धरलं. ते जास्त घातक ठरलं. जेवताना त्यांनी खुणेने मीठ मागितलं, आणि नंदा ओठावर बोटं दाबून गॅलरीत पळाली. वहिनींनी त्यांना ताट उचलून माझ्याकडे पाठवलं. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक. "तुमच्याकडे हसण्यासारखं काही नसतं, म्हणून आलो," ते म्हणाले. मग ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "बातमी कशी सांगतात हो? शिकवा मला. पोरीच्या तोंडाचा प्रश्न आहे."

मी सांगितलं ते एवढंच: काय झालं, कुठे झालं, ते सांगायचं आणि थांबायचं. थांबणं त्यांना फार जड गेलं. "बस उशिरा आली," एवढं बोलून ते दोन्ही ओठ घट्ट मिटून घेत आणि पुढचं वाक्य घशातून खाली गेलेलं मला दिसे. पण ते शिकले. पाणी उकळून निववून कापसाने जखम तेच पुसत, मलम तेच लावत, आणि वाशीत सावली देणारं झाड नसल्यामुळे नंदाला बसस्टॉपपर्यंत काळ्या छत्रीखाली नेत. भेटायला येणाऱ्यांना दारातच अडवत. "काही गमतीचं सांगायचंय? मला सांगा, मी ठेवून घेतो." खपली पडली, टाक्यांची लाली ओसरली, पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून हलक्या बोटाने मालिश सुरू झालं. शेवटी नाकाखाली केसाएवढी रेघ उरली, तीही माहीत असणाऱ्यालाच दिसे.

डॉक्टरांनी हसायची मोकळीक दिली, त्या दिवशी सगळा मजला त्यांच्या घरात जमला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते म्हणाले, "जखम भरली. पेढे घ्या." आणि थांबले. आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

नंदा लग्न होऊन नव्या पनवेलला गेली. वडील तिच्याकडे असताना मी एकदा भेटायला गेलो. "काका, काय शिकवलंत तुम्ही बाबांना?" ती म्हणाली. "हल्ली बाबांपेक्षा रेडिओ बरा." घरात विनोद सांगायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. शेजारणीची नक्कल करता करता ती स्वतःच खळखळून हसली, दात दिसतील अशी, तोंड भरून. तेव्हा मी वडिलांकडे पाहिलं. त्यांची नजर आधी तिच्या नाकाखाली गेली, तिथे क्षणभर थांबली. सगळं ठीक आहे अशी खात्री पटल्यावरच ते हसले.