ठिपका घरी आला

ठाकुर्लीला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी आयुष्यात कुणाचंही नुसतं ‘हो’ ऐकून घेतलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. विमानांच्या नियंत्रण कक्षात त्यांची हयात गेली. सूचना मिळाली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, मग काका ‘बरोबर’ म्हणणार, हा तिथला नियम त्यांनी अख्ख्या सोसायटीला लावला होता. दूधवाल्यालासुद्धा ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ असं म्हणून दाखवावं लागे. कुणी गडबडलं तर काकू स्वयंपाकघरातून त्याच्या वतीने इतक्या ठसक्यात म्हणून टाकत, की जिन्यात आम्हाला हसू आवरत नसे.

खोल समुद्रावरचं विमान रडारला दिसत नाही. पूर्वी खरखरत्या रेडिओवर वैमानिक आपलं ठिकाण सांगे आणि काका जिवाचा कान करून ऐकत. मग उपग्रह आले. विमानाची जागा पडद्यावर आपोआप उमटू लागली, सूचना लिहून जाऊ लागल्या, वैमानिकाने बटण दाबलं की झालं. काका आधी घुम्यासारखे बसले, मग पालटले ते असे की निवृत्तीनंतर काकूंचा मोबाइल कुठे आहे ते नकाशावर दाखवणारा ठिपका त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर लावून घेतला. “आता विचारायचं कामच नाही रे,” मला म्हणाले. “ठिपका खोटं बोलत नाही.” “बरं झालं, माझा घसा सुटला!” काकू आतून म्हणाल्या.

त्या दुपारी काकू बहिणीकडे बाळकुमला गेल्या होत्या. मी काकांपाशी बसलो होतो. ठिपका बाळकुमहून निघाला आणि वाटेत एके ठिकाणी कितीतरी वेळ थांबला. “देवळात गेली असेल,” काका म्हणाले. मग तो माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीत उतरला.

“काका, एक फोन तरी करा.”

“कशाला? येतेय की.”

ठिपका आमच्या फाटकाशी वळला. काकांनी चहा टाकला, काकूंच्या कपात साखर कमी. जिन्यात पावलं वाजली. ती काकूंची नव्हती, हे मला दार उघडायच्या आधीच कळलं. दारात काकांचे साडू उभे होते, हातात काकूंची पर्स. असली बातमी फोनवर सांगू नये, म्हणून इस्पितळातून ते स्वतः आले होते. मोबाइल पर्समध्येच होता.

तो मोबाइल काका अजून चार्ज करून स्वयंपाकघरात ठेवतात, आणि जुना नियम पुन्हा लागू झालाय. परवा मी निघालो तेव्हा म्हणाले, “पुलावर सावकाश जा, पोचलास की फोन कर.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते स्वयंपाकघराकडे कान देऊन थांबले आणि समाधानाने म्हणाले, “बरोबर.”

मी अजून काहीच बोललो नव्हतो. तरी सगळं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवलं. काकूंचा ठसका काही त्यात आला नाही.