डावा खुबा

माझ्या थोरल्या जाऊबाई योग शिकवतात, हे मी पूर्वी मिरवून सांगायची. हल्ली कोणी विषय काढला की आधी त्या हॉलचा वास नाकात येतो, मग शब्द सुचतात.

दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता तो हॉल. घामाने चिकट झालेल्या मॅट, आणि त्यांवर मालकाने फवारलेलं लिंबाचं अत्तर. मॅट धुवायच्या नाहीत, अत्तर मारायचं. समोरच्या भिंतीवर ‘स्वतःवर प्रेम करा’ असं हे भलंमोठं लिहिलेलं, आणि खाली कोपऱ्यात केसांचे पुंजके. एकदा पालथी पडले होते, उठले तर गालाला कुणाच्या तरी पायाच्या नखाचा तुकडा. दुसऱ्या दिवसापासून मी घरून जुनी चादर न्यायला लागले.

मालक म्हणाला, “वहिनी, फोटोत चादर बरी दिसत नाही हो.”

मी म्हटलं, “मग मलाच फोटोत घेऊ नका. तुमच्या मॅटपेक्षा माझी चादर चार पाण्यांतून निघालेली आहे.”

तरी जात होते, ते जाऊबाईंच्या शिकवण्यासाठी. नवीन माणसाला त्या आल्या आल्या वाकायला लावत नसत. सुरुवातीला नुसतं उताणं पडायचं. गुडघे मोडून पावलं जमिनीला टेकवायची, हात पोटावर, आणि श्वास कुठवर जातो ते बघायचं. पाठ धरलेल्या एक शिंपीणबाई आल्या, त्या पहिल्याच दिवशी कुरकुरल्या, “अहो बाई, झोपायला मला घरी गादी आहे की!”

“गादीवर तुम्ही झोपता. इथे जागं राहून पडायचंय. अवघड असतं, बघा तरी.”

मग उभं राहायला शिकवायच्या. कुणाचा गुडघा कुरकुरला की खाली घडी केलेलं कांबळं. “दुखलं की थांबा. दातओठ खाऊन करायची ती कुस्ती,” म्हणायच्या. “शरीर देवाने वापरायला दिलंय. परत करताना लाज वाटायला नको.” हे वाक्य मला देवापुढे हात जोडतानाही आठवतं.

आणि हीच बाई जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायला लागली.

“ताई, पाय का ओढताय?”

“काही नाही गं. ताठलाय जरा.”

मीच धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या खुब्याची झीज झालीय, उजवा मात्र धडधाकट. एकच बाजू एवढी कशाने ताणली? जाऊबाई घरी आल्यावर ओट्याला टेकून हळूच म्हणाल्या, “मी लोकांकडे तोंड करून उभी असते ना. त्यांना उजवा पाय म्हणायचं आणि आपण डावा टाकायचा, म्हणजे त्यांना आरशासारखं दिसतं. दुसऱ्या बाजूच्या वेळी मी कुठे करते? कुणाची टाच, कुणाचा खांदा सरळ करत फिरत असते.”

“इतकी वर्षं एकच बाजू?”

“एकच.”

“आणि स्वतःसाठी कधी करत होता?”

“शिकवून आल्यावर अंगात काय उरतं गं?”

मला त्यांचीही शिसारी आली, खरं सांगते. जगाला जपायला शिकवायचं आणि आपलं हाड झिजवायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी ताणलंत तर जमिनीवर बसणं कायमचं सुटेल. मांडी घालून डोळे मिटणं हाच ज्यांचा देव, त्यांना हे सांगितलं होतं.

तेवढ्यात मालकाने दुसऱ्या रस्त्यावर नवा हॉल घेतला. दारावर लावायला त्याला जाऊबाईंचा फोटो हवा होता. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीला सपाट, ते हनुमानासन. त्यांनी खुब्याचं सांगितलं.

“एकच तर फोटो, ताई! आधी गोळी घ्या ना,” म्हणाला, आणि वर हात जोडून, डोळे मिटून “शांती” म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. देवाचे शब्द या तोंडाला अत्तरासारखे लागतात, आतली घाण झाकायला.

फोटोच्या सकाळी सगळ्या जमल्या. ‘दुखलं की थांबा’ ज्यांनी रोज ऐकलं, त्याच मोबाइल वर धरून “करा ना, बाई, करा ना” चालू. जाऊबाईंनी हात टेकले, डावा पाय पुढे सरकवला. ओठ पांढरे पडले. मी “ताई!” म्हणून ओरडले.

त्या थांबल्या. पाय हाताने उचलून मागे घेतला, उताण्या पडल्या, गुडघे मोडले, पोटावर हात ठेवले.

“घ्या फोटो. मी हे शिकवते.”

“ही काय झोप काढताय?” मालकाचा गोडवा कुठल्या कुठे गेला.

शिंपीणबाई मागून म्हणाल्या, “झोप नाही हो ती. तुम्हाला जमणार नाही.” पण मोबाइल त्यांच्याही हातात होताच.

आता जाऊबाई आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून शिकवतात, चारदोन बायकांना. करून मी दाखवते, आणि त्या माझ्यावर डाफरतात, “बाजू बदल! दुसरी कोण करणार?” सगळ्या गेल्या की दार लावून त्या स्वतःचं करतात. थोडंसंच. मांडी अजून घालता येते.

परवा बाजारातून येताना नवा हॉल लागला. दारावर नव्या शिक्षिकेचा फोटो. कोवळी पोर, हसतेय, डावा पाय पुढे. वर मोठ्या काचेआड ती लोकांकडे तोंड करून तोच पाय टाकत होती. जाऊबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत वर गेल्या. खाली आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

“काय सांगितलंत?”

“दुसरा पायही पुढे घेत जा म्हटलं.”

“मग?”

“हसली. म्हणाली, मावशी, फोटो तर झाला.”

वरून लिंबाच्या अत्तराचा भपकारा आला. मी पदर नाकाला लावला, त्यांचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.