दोन सप्टेंबरांचं कॅलेंडर

नालासोपाऱ्याला आत्मारामशेठच्या बाइंडिंगच्या गाळ्यात एक लांबलचक टेबल होतं. त्यावर कॅलेंडरच्या पानांच्या बारा थप्प्या लागायच्या, जानेवारी ते डिसेंबर, आणि बायका टेबलाला फेऱ्या मारत प्रत्येक थप्पीवरून एकेक पान उचलायच्या. फेरी पुरी झाली की हातात एक वर्ष. मी शेजारीच कटिंग मशीनवर असायचो, म्हणून सांगतो, कमळीसारखी झपाझप फेरी दुसऱ्या कुणाची नव्हती. ते चालणं तिच्या अंगात इतकं भिनलेलं, की देवळात प्रदक्षिणा घालतानाही हात आपोआप पुढे जायचा. एकदा असाच पुढच्या बाईच्या ताटातला नारळ उचलून बसली.

ती राहायची जवळच्याच गास गावात, फ्लॉसीबाईंच्या केळीच्या वाडीतल्या भाड्याच्या खोलीत. नवरा बळीराम मिठागरावर कामाला. पावसाळा लागला की मीठ बंद आणि बळीराम घरी, तो थेट दिवाळीनंतरच बाहेर पडणार. तोवर सगळं घर कमळीच्या फेऱ्यांवर चालायचं.

गोंधळ झाला तो सत्त्याण्णव सालच्या दिवाळीआधी. एका साडीवाल्याची पुढच्या वर्षाची कॅलेंडरं चालू होती. वीज वाचवायची म्हणून शेठनी टेबलावरच्या दोन ट्यूबलाइटपैकी एक बंद ठेवलेली. त्यात साडीवाल्याने फोटोचे पैसे वाचवायला सप्टेंबर आणि ऑक्टोबरला एकच बाई, एकाच साडीत उभी केलेली. अंधारात कळणार कुणाला? ऑक्टोबरच्या जागी कुणीतरी सप्टेंबरचा गठ्ठा ठेवला, आणि बऱ्याच कॅलेंडरांत दोन सप्टेंबर गेले, ऑक्टोबर नाहीच. शेवटी सप्टेंबर कमी पडले, तिथे उरलेले ऑक्टोबर भरले गेले. मग त्या कॅलेंडरांत दोन ऑक्टोबर. साडीवाल्याने हा सगळा माल परत पाठवला.

शेठ काही फुकट घालवतील? त्यांनी दिवाळीला मिठाईऐवजी तीच कॅलेंडरं आम्हाला वाटली. वर दोन सप्टेंबरवालं एक स्वतःच्या ऑफिसात लावलं. "अकरा महिने तर बरोबर आहेत," म्हणाले. असा हा माणूस! कमळीने दोन ऑक्टोबरवालं एक नाताळला फ्लॉसीबाईंना नेऊन दिलं. बाईंनी बदल्यात केक दिला. दोघी खूश.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात महागाईने सगळ्यांचा घाम काढला. फ्लॉसीबाई म्हणाल्या, ऑक्टोबरपासून भाडं शंभर रुपये जास्त, नाहीतर खोली रिकामी कर. कमळी शेठकडे जाऊन रडली. शेठचा त्या दिवशी मूड बरा असावा. म्हणाले, ऑक्टोबरपासून सगळ्यांचा पगार शंभराने वाढवतो. तिकडे शंभर, इकडे शंभर. खोली वाचली म्हणून कमळीने आम्हाला चहा पाजला.

पण ऑगस्ट संपला आणि फ्लॉसीबाईंनी पान उलटलं, तर समोर ऑक्टोबर. बाई तडक कमळीच्या दारात.

"कमळे, ऑक्टोबर लागला गो!"

"बाय, गनपती अजून पाटावर हायेत!"

"ते मला नको सांगू. कॅलेंडर तूच दिलंयस."

कमळीने उसनवारी करून शंभर रुपये जास्त दिले.

मग खरा ऑक्टोबर उजाडला. तोवर कांदा असा भडकला होता, की कमळी एकच कांदा रोज भाजीवरून ओवाळते आणि परत डब्यात ठेवते, असं आम्ही तिला चिडवायचो. ती शेठपुढे उभी राहिली.

"शेठ, आजपासून शंभर जास्त ना?"

शेठनी भिंतीवरचं पान उलटलं. पुन्हा तीच बाई, तीच साडी, तोच सप्टेंबर. शेठ पोट धरून हसले.

"ऑक्टोबर आला की देतो हो, कमळाबाई!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमळी मात्र टेबलाशी गेली आणि चालायला लागली. पण कशी? वरातीत चालतात तशी. एक पाऊल, मग थांबून पदर सारखा, मग दुसरं पाऊल. टेबल आणि भिंत यांच्यामधली वाट एका माणसापुरतीच, त्यामुळे मागच्या बायकांना पुढे जाता येईना. जायचंही नव्हतंच म्हणा. दुपारपर्यंत अख्खा गाळा वरातीत. मी मशीनवर ठेका धरला.

"अगं बायांनो, दिवाळी तोंडावर आली! सोनाराची कॅलेंडरं कधी द्यायची?" शेठ ओरडले.

"दिवाळी ऑक्टोबरात, शेठ," कमळी म्हणाली. "आपला तर सप्टेंबर चाललाय. घाई कोनाला?"

आठवडाभर वरात निघत राहिली. सोनाराचे फोन यायला लागले, तसा शेठचा पारा चढला. त्यांनी तो सप्टेंबर टर्रकन फाडून काढला. खाली नोव्हेंबर.

कमळीचा हात लगेच पुढे झाला.

"बगा, शेठनी सोता नोव्हेंबर लावला! ऑक्टोबर भरला आमचा. वाढीव पगार काढा."

बायका अशा हसल्या की एकीच्या हातातलं अख्खं वर्ष जमिनीवर सांडलं. शेठनी सगळ्यांचे शंभर वाढवले. दुसरी ट्यूबलाइटही लावली.

नाताळला कमळी नवं कॅलेंडर घेऊन फ्लॉसीबाईंकडे गेली, मी केकच्या आशेने बरोबर. बाई आता शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी अंगठ्याने एकेक पान मोजलं.

"कमळे, यात ऑक्टोबरच नाय गो. अकराच महिने?"

"हां बाय. माज्या पगारात तेवढेच बसतात."

मग बाईंनी कॅलेंडर खिळ्याला अडकवलं आणि केक कापायला घेतला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरचं भाडं मागायला त्या आल्या नाहीत. नोव्हेंबरच्या एक तारखेला मात्र बळीराम दात घासत असतानाच दारात हजर.