पालथं घड्याळ

बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने उभ्या आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. उलट शाळेनेच त्याला एका वर्गात दोनदा बसवलं होतं. पण हातात कॅमेरा धरून तो समजावून सांगायला लागला, की ऐकणाऱ्याला वाटायचं, अरेच्चा, इतके दिवस आपण अडाणीच राहिलो की. म्हणून मास्तर.

बंदरासमोरच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं एकाला एक चिकटून होती. त्यातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात तो तरुणपणी काउंटरमागे उभा राहिला तो केस पिकेपर्यंत तिथेच. पर्यटकांचं जहाज सकाळी लागायचं आणि संध्याकाळी सुटायचं. मधल्या वेळात माणसं उन्हाने कावून थंड हवेसाठी आत शिरत. मास्तर आधी पाणी पुढे करी, मग कुठून आलात, मुलं किती, अशी चौकशी करी. मालाचं नाव त्याच्या तोंडून लवकर निघत नसे. गिऱ्हाईकच शेवटी न राहवून विचारी, "तो कॅमेरा कितीला?"

काउंटरवरचा तो कॅमेरा अस्सल होता. मास्तर तो गिऱ्हाइकाच्या हातात देई, बायकोचा फोटो काढायला लावी. फोटो झकास येई. घासाघीस होई, मास्तर तोंड पाडून "तुमच्यासाठी म्हणून" किंमत उतरवी, आणि मग मागच्या खोलीतून सीलबंद खोकं येई. खोकं तेच, रंग तोच, वजनही हाताला तेवढंच लागे. आतला माल मात्र असा, की चार महिने चालला तर नशीब म्हणायचं. उतरवलेली किंमतही अस्सल कॅमेऱ्याच्या दुप्पट असे, हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य. "सील आत्ता फोडू नका. समुद्राची हवा खारट, कॅमेऱ्याला सोसत नाही. घरी गेल्यावरच उघडा." हे वाक्य मास्तरच्या डोक्यातून निघालेलं. हळूहळू अख्ख्या गल्लीने ते उचललं. घरी जाऊन खोकं उघडल्यावर भांडायला समुद्र ओलांडून कोण येतो? गिऱ्हाइकाला बिनबोभाट टोपी घालावी ती मास्तरने, असं मालक चारचौघांत म्हणत, आणि मास्तर मान खाली घालून हसे. त्याला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला.

गल्लीत नियम असा एकच होता. धंद्यातल्या माणसाला फसवायचं नाही. दुसऱ्या दुकानातला माणूस खरेदीला आला, की तो मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर पालथं ठेवायचा. चकार शब्द बोलायचा नाही. घड्याळ पालथं दिसलं की मागच्या खोलीतलं खोकं परत जायचं, खालच्या कप्प्यातून अस्सल नग निघायचा आणि किंमतही रास्त लागायची. घड्याळ ठेवणाऱ्याला तो कोण, कुठला, हे विचारायची सोय नव्हती. एकदा जहाजातून उतरलेल्या एका परक्या माणसानेही तसंच घड्याळ ठेवलं होतं, तेव्हा मास्तरला कळलं की ही खूण बंदराबंदरांतून चालते. मालकांचीसुद्धा ती मोडायची छाती नव्हती.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. बायको घराच्या पुढच्या खोलीत फोटोंच्या चौकटी बनवी. काच कापायची, पट्ट्या कोनात कापून जोडायच्या, मागे पुठ्ठा ठोकायचा. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी ती चौकट पुन्हा सुटी करून बसे. "दिसत नाही गं कुणाला," असं मास्तर म्हणाला की ती म्हणे, "मला दिसते ना." दुसऱ्यांच्या लग्नांचे, बारशांचे, म्हाताऱ्यांचे फोटो चौकटीत बसवता बसवता तिची हौस एकच राहिली होती, आपला स्वतःचा एक चांगला कॅमेरा असावा. "तुमच्या दुकानात येते, बघून घेते," असं ती दरवर्षी म्हणे. मास्तर दरवर्षी काहीतरी निमित्त काढी. आज मालक नाहीत, आज माल नाही, आज जहाज आहे, गर्दीत तुला कोण दाखवणार. ती दुकानाची पायरी कधी चढली नव्हती, आणि तिने ती चढू नये हीच मास्तरची इच्छा होती. बाजारात तो कोणीही असला तरी घरी तो सरळ माणूस होता. हा सरळपणा त्याला प्रिय होता. तो गेला असता तर मग त्याच्याकडे दुसरं होतं काय?

तशात माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने सर्वांत जास्त विक्री करणाऱ्याला जोडीने परदेशची सहल जाहीर केली. ती मास्तरलाच मिळाली, मिळणारच होती. बायकोने शेजारीपाजारी सांगितलं, "यांच्या प्रामाणिकपणाचं चीज झालं." मास्तरने ते ऐकलं आणि तो बॅग भरायला आत गेला.

सहल चांगली झाली. समुद्र तिथेही होता, बाजारही होता. शेवटच्या दिवशी बायको चालता चालता एका काचेसमोर थांबली. "इथून घेते मी कॅमेरा. चौकटींचे साठवलेले पैसे आणलेत सोबत."

"इथे कशाला? घरी गेल्यावर बघू."

"घरी गेल्यावर तुमचा मालक नसतो," ती म्हणाली आणि आत गेली.

काउंटरमागे टक्कल पडलेला एक हसतमुख माणूस होता. त्याने आधी पाणी पुढे केलं.

पुढचं सगळं मास्तरला पाठ होतं. कुठून आलात, मुलं किती. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत, जी पर्यटकांशी सगळीकडे बोलतात आणि चौकटी घ्यायला येणाऱ्या परक्यांमुळे बायकोलाही जराशी येत होती, टकल्या गोडगोड बोलत होता. मग काउंटरवरचा कॅमेरा. "साहेबांचा फोटो काढा." तिने काढला. झकास आला. तिने तो मास्तरला दाखवला तेव्हा तिचा चेहरा असा खुलला होता, की मास्तरने मान वळवली. घासाघीस झाली, टकल्याने तोंड पाडलं, किंमत उतरवली. मास्तर मनातल्या मनात म्हणाला, चांगला आहे, माझ्यापेक्षा सफाई आहे. मागच्या खोलीतून खोकं आलं.

"सील आत्ता फोडू नका," टकल्या म्हणाला. "विमानतळावर सील तुटलेलं दिसलं तर कर लावतात. घरी गेल्यावरच उघडा."

बायकोने पैशाची पिशवी काढून नोटा मोजून दिल्या. मास्तर कात्रीत सापडला. काही बोलावं, तर तुम्हाला कसं कळलं असं ती विचारणार. न बोलावं, तर घरी जाऊन ती खोकं उघडणार, आणि चार महिन्यांनी ते यंत्र हातात घेऊन पुढच्या खोलीत गप्प बसणार. ते बसणं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आजवर हजारो जणींनी आपापल्या घरात तशी खोकी उघडली असतील, ते कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

त्याने घड्याळ काढलं आणि काचेवर पालथं ठेवलं.

टकल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग मास्तरकडे. हसला. तसं हसू मास्तरने आरशाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. खोकं उचलून तो आत गेला, परत येऊन खाली वाकला, दुसरं खोकं काढलं, स्वतःच सील फोडून कॅमेरा तिच्या हातात दिला. आणि घेतलेल्या पैशांतले अर्ध्याहून जास्त परत मोजले. दोघं निघाली तेव्हा त्याने मास्तरशी हात मिळवला, दोन्ही हातांनी, जसा भावाशी मिळवतात.

हॉटेलच्या खोलीत बायकोने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"ती घड्याळाची काय भानगड?"

"काही नाही गं. धंद्यात असतं तसं. एकमेकांची ओळख पटते."

"पहिलं खोकं कुणासाठी होतं?"

"गिऱ्हाइकांसाठी."

"आणि ते पाणी? आधी पाणी, मग मुलं किती? दुकानात तुम्ही कसे बोलता हे तुम्हीच घरी करून दाखवायचात. मी हसायचे. खाऱ्या हवेचंही सांगितलं होतंत. मला वाटायचं, किती काळजी घेतात लोकांची."

मास्तर खिडकीपाशी गेला. बाहेर पर्यटक हातात पिशव्या घेऊन चालले होते. त्याला लाज वाटली, आणि ही लाज तिच्यापुढची आहे, की त्या पिशव्यांपुढची, हे त्याला नीट कळेना.

"ज्यांना ही खूण माहीत नसते, त्यांना तुम्ही काय देता?" तिने विचारलं.

मास्तरने खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि तिला उत्तर मिळालं.

घरी आल्यावर ती पूर्वीसारखीच वागली. ताट वाढी, चौकटी जोडी, नव्या कॅमेऱ्याने शेजारच्या पोरांचे फोटो काढी. मास्तरला वाटलं, निवळलं. बायका विसरतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं संसार करून माणसाला एवढंही कळू नये, याला काय म्हणावं.

पुढचं मोठं जहाज लागलं त्या दिवशी दुपारी दुकान भरलेलं होतं. मालक गल्ल्यावर बसले होते. मास्तरसमोर एक वयस्क जोडपं उभं होतं, उन्हाने लाल झालेलं. म्हातारीने काउंटरवरच्या कॅमेऱ्याने म्हाताऱ्याचा फोटो काढला होता आणि दोघं त्यावर डोकं डोक्याला लावून हसत होती. किंमत ठरली, पैसे मोजून झाले. खोकं बाहेर आलं. मास्तरने ते दोन्ही हातांनी पुढे सरकवलं आणि तोंड उघडलं.

"सील आत्ता फोडू..."

जोडप्याच्या शेजारून एक हात पुढे आला. काच कापून कापून बोटांवर बारीक वण उमटलेला हात. त्या हाताने काचेवर एक घड्याळ ठेवलं, पालथं. मास्तरचंच जुनं, पट्टा तुटलेलं, कपाटाच्या खणात कित्येक वर्षं बंद पडलेलं.

मास्तरने वर पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती म्हातारीच्या बाजूला उभी होती, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी, गळ्यात कॅमेरा अडकवून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दुकानात आली होती.

गल्ल्यावरून मालकांनी मान उंचावली. घड्याळ त्यांना दिसलं. त्यांनी भुवया उडवून विचारलं, "हे आपल्यातले?"

नाही म्हटलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. दुकानात, म्हणजे. घरी नाही.

"हो," तो म्हणाला. "आपल्यातलेच."

तो खाली वाकला, खालच्या कप्प्यातला अस्सल नग काढला, सील स्वतः फोडलं, कॅमेरा म्हातारीच्या हातात दिला आणि पैसे परत मोजले. जोडप्याला काही उमगलं नाही. इतकी स्वस्ताई कशी, म्हणून म्हाताऱ्याने खोकं दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. मालक गल्ल्यावरून बघत राहिले. नियम तो नियम.

जोडपं गेलं. त्यांच्या मागोमाग बायकोही पायऱ्या उतरली. "घड्याळ," मास्तर हलक्या आवाजात म्हणाला. "घड्याळ राहिलं तुझं."

"राहू दे तिथेच," ती वळून म्हणाली आणि गर्दीत मिसळली.

मास्तरने घड्याळ उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात दारातून उन्हाने कावलेलं आणखी एक कुटुंब आत आलं आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्याकडे बघत, घड्याळाशेजारीच हात टेकून उभं राहिलं. मालक बघत होते. मास्तरने पुढे केलेला हात मागे घेतला, घड्याळ तिथेच राहू दिलं आणि त्या कुटुंबाला प्यायला पाणी दिलं.