परीक्षकाले समजलं पाहिजे

उमरखेड ते ढाणकी या पट्ट्यात भर मे महिन्यात शाल पांघरून हिंडणारा माणूस दिसला, तर तो तापाचा रोगी नसून आमचा कंडक्टरमित्र आहे, असं खुशाल समजावं. एस.टी.तून तो केव्हाच निवृत्त झाला. पण त्याच्या गोरबोलीतल्या, म्हणजे बंजारा बोलीतल्या, कथांना पुरस्कार मिळाल्यापासून ती शाल काही निवृत्त व्हायला तयार नाही. माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात येतो, पंख्याखालचं स्टूल बळकावतो आणि घाम पुसत बसतो. "शाल काढ ना लेका," म्हटलं, तर म्हणतो, "काहून? मंग लोकं ओळखतीन कसे?"

पुरस्कार देणाऱ्यांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. एकाही परीक्षकाला गोरबोलीचा गंध नव्हता. त्यांनी मराठी अनुवाद मागवून वाचला आणि भाषणात मात्र बोलीच्या गोडव्याने गहिवरले! आमच्या बहाद्दराने यातून भलताच धडा घेतला. "भाऊ, मी आता पहिले मराठीत लिहून राह्यलो. मंग त्याची गोरबोली करतो. परीक्षकाले समजलं पाहिजे ना!"

"अन् तांड्यातल्या लोकायले?"

"ते काय पुरस्कार देऊन राह्यले?"

पूर्वी हाच माणूस तांड्यावर गोष्ट वाचायचा, तेव्हा त्याची याडी, म्हणजे आई, त्याला एक वाक्य सुखाने पुरं करू देत नसे. बैल असा वागतच नाही, तुझा बाप असं बोललाच नव्हता, खोटारड्या! तो चिडायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. त्याच्या गोष्टी झकास उतरायच्या त्या म्हातारीच्या तोंडामुळे, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

परवा नवी गोष्ट ऐकायला त्याने मलाही तांड्यावर ओढून नेलं. अस्मिता काय, संवेदना काय, सगळे सभेतले शब्द, आणि वाक्याच्या शेवटी तेवढं गोरबोलीचं शेपूट. म्हातारी पदर सावरून साहेबासमोर बसावं तशी बसली होती. एकदाही टोकलं नाही. वाचून झाल्यावर ती त्याला हळूच म्हणाली, आणि एवढी गोरबोली मलाही कळते, "छान वाचलंस. आता आपल्या बोलीत सांग."

मी हसणार होतो. पण त्याने तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य मराठीतच आलं. दुसरंही. तो गोरामोरा झाला, आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी याडीनेच एक जुनी गोष्ट सुरू केली. तो खाली मान घालून ऐकत होता. मधेच एका शब्दापाशी त्याने तिला थांबवलं आणि अर्थ विचारला. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश, परगावच्या पाहुण्याला सांगावा तसा, तिने तो त्याला समजावून सांगितला.