चंद्रभान कंडक्टरचं माप

चंद्रभानचा जगात कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नसे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. अर्ध्या तिकिटाचं म्हणून आईने कडेवर आणलेलं पोर तो खाली उतरवायला लावी, दाराच्या दांड्याशी उभं करून उंची पाही आणि मगच तिकीट फाडी. निवृत्त होऊन तेल्हाऱ्यात घरी बसला तरी डोळा तोच राहिला. एका दुकानात घेतलेले कांदे तो दुसऱ्या दुकानात नेऊन पुन्हा तोलून घेई, आणि दोन्ही वजनं सारखी निघाली की दोन्ही दुकानदारांची मिलीभगत असल्याची त्याची खात्री पटे.

अशा माणसाने बाजारामागच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला, याचं त्याच्या बायकोला, मनकर्णाला, अजून नवल वाटतं. आसपासच्या खेड्यांतल्या आठ पोरी होत्या. दमाला त्या पक्क्या, कारण चंद्रभान त्यांना सराव देताना घड्याळ वापरत नसे. घड्याळ काय, कोणीही मागेपुढे करतं. माप एकच, त्याचा स्वतःचा दम. पोरीने 'कबड्डी, कबड्डी' सुरू केलं की तोही ओठातल्या ओठात तिच्याबरोबर सुरू करी. जी त्याच्याआधी थांबली तिला मैदानाला दोन चकरा. त्याच्यापुढे जाणारी आजवर एकच, पौर्णिमा, तीही दोन-तीन 'कबड्डी'नेच. तरुणपणापासून आपला दम तसूभरही हललेला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे.

मग कोरोना आला आणि एक अख्खा हंगाम बुडाला. पुढच्या वर्षी, एकवीसच्या फेब्रुवारीत, अमरावती पुन्हा बंद झाली, मागोमाग अकोला, आणि उन्हाळ्यात तर रोज एखाद्या ओळखीच्या घरातून वाईट बातमी येऊ लागली. हंगाम दिवाळीनंतरचा. तो होईल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. पौर्णिमाचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. राज्याच्या संघात निवड झाली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला हक्क सांगता येणार होता. बाप नसलेल्या घरात ती आणि तिची आई सुभद्रा त्या एका आशेवर होत्या.

मैदान बंद, म्हणून चंद्रभान रोज संध्याकाळी सहाला एकेकीला फोन लावायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "म्हन कबड्डी," एवढंच. फोन कानाला लावून तो तिच्याबरोबर ओठ हलवी.

मे महिन्यात त्याला ऊन लागलं. निदान त्याचं म्हणणं तेच होतं. दोन दिवस ताप आला, त्याने कैरीचं पन्हं घेतलं, डोक्यावर कांदा ठेचून लावला आणि तिसऱ्या दिवशी उठून बसला. मनकर्णा म्हणाली, "एकदा तपासून तं या."

"नाकात काडी घालून ते काय पाह्यते, हे आपल्याले दाखवते का? मले ऊन लागलं होतं, उतरलं."

त्याच संध्याकाळी चमत्कार झाला. चंदा, जिने दोन वर्षांत एकदाही त्याच्या दमाची बरोबरी केली नव्हती, ती त्याच्यापुढे गेली. चंद्रभानचे कान टवकारले. मागे कूलरचा आवाज येत होता. त्या घरघरीत पोरीने मधेच श्वास चोरला, हे त्याने ताडलं. दुसऱ्या दिवशी पायल पुढे गेली, तिच्याकडे तर कूलरही नव्हता. आठवडाभरात आठच्या आठ पोरी त्याला मागे टाकू लागल्या.

अख्खी गाडी विनातिकीट! आठ जणी एकाच वेळी चोरी करतात म्हणजे त्यांना शिकवणारी कोणीतरी एक असणार. आणि सगळ्यांत पुढे कोण जातं? पौर्णिमा. तो थांबल्यावरही ती 'कबड्डी, कबड्डी' करतच राही. बाजेवर पडल्या पडल्या त्याने सगळा कट जुळवला. तेवढ्या विचारानेही त्याला धाप लागली, ती रागाची आहे असं तो समजला.

"मंधात श्वास घेऊन राहिली ना तू?" त्याने फोनवर विचारलं.

"नाई जी, काकाजी."

"मले शिकवतं? पोरीयले बिघडवून राहिली तू. तुहं नाव कापलं मी संघातून."

 पौर्णिमा म्हणाली, "तुमी या. समोर उभं राहून मोजा. मंग कापा."

सकाळी तो तोंडाला रुमाल बांधून, स्कूटरवर आठ किलोमीटर गेला. पौर्णिमा अंगणाच्या एका टोकाला उभी राहिली, तो दुसऱ्या टोकाला. रात्रभर रडल्याने तिचे डोळे सुजले होते. तिने सुरू केलं. चंद्रभान रुमालाआड ओठ हलवत तिची छाती, नाकपुड्या, गळा, सगळं टिपत होता. त्याचा दम संपला. ती चालूच. चोरी कुठेच दिसेना.

"पुन्हा," तो म्हणाला.

दुसऱ्या वेळी तो आणखी आधी थांबला. तिसऱ्यांदा "पुन्हा" म्हणताना तो शब्दच अर्धा तुटला.

सुभद्रा दारात उभी होती. ती गावची आशाताई, महिनाभर घरोघरी फिरून माणसं तपासत होती. ती पोरीकडे पाहत नव्हती, चंद्रभानकडे पाहत होती. थैलीतून तिने ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं. "भाऊ, बोट द्या."

आकडा आला ब्याऐंशी.

"सेल उतरला असन याचा," चंद्रभान म्हणाला.

सुभद्राने यंत्र पौर्णिमाच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. मग स्वतःच्या. सत्त्याण्णव. पुन्हा त्याच्या. एक्क्याऐंशी. त्याने दुसरं बोट पुढे केलं, मग तिसरं, मग दुसरा हात. एकही बोट त्याच्या बाजूने बोलेना.

तो अंगणातल्या बाजेवर बसला आणि घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला. जगातल्या प्रत्येक तराजूवर त्याने संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या छातीवर तेवढा कधी घेतला नव्हता. "हे कोनाले सांगू नका," तो म्हणाला. "पोरीयचे मायबाप मले मैदानात उभं नाई राहू देनार."

"अगोदर जगा तं," सुभद्रा म्हणाली आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याचे अकरा दिवस ऑक्सिजनवर गेले. शेजारचे दोन पलंग त्याच्या डोळ्यांदेखत रिकामे झाले. सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचून दाखवा, असं त्याने नर्सला सांगितलं नाही, यावरून त्याची अवस्था कळावी. बाराव्या दिवशी मास्क थोडा वेळ काढला. संध्याकाळी उशाशी फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

"काकाजी, म्हना कबड्डी."

त्याने सुरुवात केली. चार झाले, पाच झाले, मग आवाज क्षणभर तुटला, आणि तो पुढे सातपर्यंत गेला.

"मंधात श्वास घेतला तुमी."

"नाई घेतला."

"मले आयकू आला."

 एकतीस वर्षांत त्याने किती जणांना असं पकडलं होतं, आणि ते सगळे आधी नाहीच म्हणाले होते.

"घेतला," तो म्हणाला. मग न राहवून विचारलं, "तुहं नाव तं मी कापलं होतं. मंग तू कावून फोन करून राहिली?"

"मी एकलीच नाई जी, आठी जनी बसून हाओ," पौर्णिमा म्हणाली. "दिवाळीले पाच मयने हायेत. आमाले मोजाले तुमचा दम पाह्यजे. पुन्हा म्हना."

त्याने डोळे पुसले, नाकाने मिळेल तेवढी हवा आत घेतली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.