उजवीकडे वळलं की

"गप्प बसा जरा, ऐकू द्या," असं म्हणून सर स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचे, की आम्ही तिघी चिडीचूप. नाशिकहून दिंडोरीच्या शाळेत आम्ही सरांच्या जुन्या गाडीतून जायचो. पुढे सरांशेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या गणिताच्या बाई. मागे मी आणि चित्रकलेच्या मॅडम.

गाडीत कुठूनतरी घरघर येऊ लागली होती. सर ती शोधायचे, पण गाडीत नाही, आमच्यात. आधी म्हणाले, माझा डबा वाजतोय. मी तो मांडीवर घेतला. मग मॅडमच्या छत्रीवर आले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं स्वतःचं कधी काही वाजतच नाही.

"अहो, उजवीकडे वळलं की आवाज वाढतो," बाई म्हणाल्या. "मागच्या चाकात असेल."

"तुला काय कळतं गाडीतलं? बांगड्या काढ आधी."

आता नवरा शेजारी बसलेला असताना सवाष्णीने हात मोकळे कसे करायचे? बाईंनी बांगड्यांवर रुमाल गुंडाळला आणि तसाच हात धरून दिंडोरीपर्यंत बसल्या. घरघर चालूच.

"रुमाल सैल बांधलास," सर म्हणाले आणि आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, माणूस हजरजबाबी होता. मुलांचा लाडका, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. फक्त बाई बोलायला लागल्या की त्यांच्या कानांना काय व्हायचं, कोण जाणे.

बाई रोज तेच सांगत राहिल्या. गॅरेज तर आमच्या वाटेवरच होतं.

एका रविवारी दोघंच मनमाडला, बाईंच्या माहेरी निघाले. चांदवडच्या अलीकडे मागचं डावं चाक निखळलं आणि गाडी डाव्या अंगावर उलटली. सरांच्या कपाळाला खरचटलं. बाई जागीच गेल्या.

भेटायला गेले, तर शेजारणी म्हणत होत्या, "सवाष्ण गेली, नशीब काढलं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. कसलं डोंबलाचं नशीब.

सर रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. म्हणाले, "रोज शेजारी बसायची, पण एका शब्दाने बोलली नाही हो. बोलली असती तर मी गाडी बाहेर काढली असती का?"

"बोलल्या होत्या, सर," मी म्हटलं. "रोज बोलत होत्या."

सरांनी डोळे पुसले.

"तुम्ही मागे बसायचात. पुढचं तुम्हाला काय ऐकू येणार?"